तीन आकडी नंबर

वाल्डनबाखच्या ट्राममध्ये आंत्ये खोकणाऱ्या बाळाला छातीशी धरून बसली होती. समोर दोन म्हाताऱ्या बहिणी होत्या. थोरलीच्या मांडीवर जुना लाकडी हँगर.

"ताई, तुझ्या कपाटात आता कोट कमी नि हँगर जास्त झालेत."

"अकरा जुने बाजार पालथे घातले, तेव्हा आपल्या शिवणदुकानाचा हा मिळाला, लोटे. विकणारा घासून पॉलिश मारायला निघाला होता. म्हटलं, हात लावशील तर खबरदार!"

"पण यावर आईचं नाव कुठंय?"

"नाव राहू दे, दुकानाच्या शिक्क्यातला फोन नंबर वाच."

"तीनशे अठरा."

"तीन आकडी. एकोणीसशे बत्तीसला गावातले सगळे नंबर चार आकडी झाले. आणि बाबा या गावात आले कधी?"

"चौतीसला."

"मग दुकान कोणी काढलं?"

"आईनं. पण गावच्या संग्रहालयातल्या हँगरवर बाबांचं नाव आहे ना."

"त्यावरचा नंबर चार आकडी आहे, म्हणजे तो नंतरचा. त्याच्या जोरावर पाटी लावलीय, 'संस्थापक ओटो विंकलर, मदतीला पत्नी.' मदतीला म्हणे!"

बाळानं हँगरकडे हात टाकला. आंत्येनं तो घाईनं मागे ओढला.

"माफ करा हं, आजी. लाकडाची कूस टोचेल त्याला."

"धरू दे गं. आईनं स्वतः काचकागदानं घासलाय. गिऱ्हाइकांचं रेशीम कधी अडकलं नाही यात."

"ताई, आता गेल्यावर संग्रहालयाचे साहेब म्हणाले, ठेवून जा, बघतो, तर?"

"तर त्यांच्याच खुंटीला हा अडकवीन आणि वर माझा कोट. पाटी बदलेपर्यंत मी तो काढायची नाही."

"बाहेर केवढी थंडी आहे, ताई! कोटाशिवाय घरी कशी येशील?"

"येतेय कुठं? तिथंच बसणार."