रुंदी मुलाची, उंची बाबांची

...आणि वर मलाच विचारतात, "तुला कळत होतं, तर तू तेव्हा बोलली का नाहीस?" आता तुम्हीच सांगा, कधी बोलणार? माणसं एकमेकांचं बोलणं तोडत असली की तिसऱ्याला निदान मध्ये फट तरी सापडते, पण आमच्याकडचे बापलेक तोडत नाहीत, दोघं एकाच वेळी बोलतात, भिंतीला भिंत लावून बांधकाम केल्यासारखे, आणि मी आपली त्या दोन भिंतींमधल्या बोळात अंग चोरून उभी... आणि मी काय बोलणार, मी नवीन.

पाच महिने होत आले लग्नाला. तुम्हाला सांगते, या घरात भांडण नाही. अजिबात नाही. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या, आणि सासरे, म्हणजे बाबा, आणि नवरा कधी भांडत नाहीत, ते तडजोड करतात. लग्नानंतर आमच्या खोलीला रंग द्यायचा होता, नवऱ्याला निळा हवा, बाबांना पिवळा. दोन भिंती निळ्या झाल्या, दोन पिवळ्या. मी पिवळ्यात झोपते आणि निळ्यात उठते. फिरायला जायचं ठरलं, तर ह्याला समुद्र हवा, बाबा म्हणाले डोंगरावर हवा चांगली असते, शेवटी आम्ही मधलं एक धरण बघून आलो. भिंतीसारखी भिंत, पाण्यासारखं पाणी. फोटो आहेत, दाखवेन कधीतरी.

तर मुद्दा टायरचा.

मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करायची, लग्नाआधी. इथे आल्यावर तसंच काम मिळालं, घरोघरी जाऊन रक्त घ्यायचं, लॅब गाडी देणार, अट एकच, गाडी चालवायचा परवाना हवा. लॅबच्या बाई फोनवर म्हणाल्या, "परवाना दाखवा आणि रुजू व्हा, जागा तुमचीच." तुम्हाला कल्पना नाही, माझी जागा कुठेतरी आहे हे वाक्य ऐकून मला काय वाटलं असेल. कारण घरच्या गाडीत माझी जागा मागची. पुढे नवरा, शेजारी बाबा, आणि मागे मी, भाजीच्या पिशवीशेजारी. चार महिन्यांत या गावातला एकही रस्ता मी समोरून पाहिला नव्हता. सगळे दोन डोक्यांच्या मधून पाहिले.

मग मी गाडी शिकले. शिकवणीच्या गाडीवर शिकले, चांगलं जमायला लागलं, परीक्षेची तारीख मिळाली. परीक्षेला शिकवणीचीच गाडी नेते म्हटलं, तर बाबा म्हणाले, "घरची गाडी दारात उभी असताना लोकांची कशाला? सूनबाई, तू काळजी करू नकोस, फॉर्मवर मी आपल्याच गाडीचा नंबर घातलाय." प्रेमाने घातला हो. या घरात सगळं प्रेमाने होतं, तीच तर अडचण आहे.

आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी नवरा म्हणतो, "चल, तुझ्यासाठी सरप्राइज आहे." मला वाटलं, गजबजलेल्या रस्त्यावर सराव देतोय. कसलं काय. गाडी थेट टायरवाल्याच्या दुकानापाशी उभी केली. त्याच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी गाडीला त्याने मोठी अलॉयची चाकं पाहिली होती, चकचकीत, पाकळ्यापाकळ्यांची. "उद्या तू रुबाबात जायला हवीस परीक्षेला," म्हणाला. आता यावर काय बोलायचं? माझ्यासाठी म्हणून आणलेल्या वस्तूला मी नको म्हणायचं? मी काय बोलणार, मी नवीन.

दुकानात मला प्लॅस्टिकची खुर्ची दिली, दोन टायरांच्या चळतींच्या मध्ये. दोन्हीकडे माझ्या डोक्याच्या वर गेलेली चळत, समोर जॅकवर चढवलेली आमची गाडी, बाहेर पडायची वाट गाडीच्या पलीकडून. म्हणजे मनात आलं तरी उठून जाता येऊ नये अशी सोय.

टायरवाला शहाणा माणूस. बोटांना काळं ग्रीस, पण डोकं साफ. म्हणाला, "दादा, तुमचं जुनं चाक पंधरा इंची, टायरची रुंदी एकशे पंच्याऐंशी, रबराची उंची पासष्ट. आता तुम्ही सतरा इंची चाक घालताय, रुंदी दोनशे पाच चालेल. पण मग पासष्टच्या जागी पंचेचाळीस घ्यायचं. आतलं चाक वाढलं की बाहेरचं रबर कमी करायचं. एकूण उंची होती तेवढीच राहिली पाहिजे."

किती सोपं सांगितलं. माणसाने उंच टाचा घातल्या म्हणून दाराची चौकट काही वर सरकत नाही. पण "कमी करायचं" हे शब्द बाबांच्या कानावर पडले आणि बाबा खुर्चीतून उठले.

"पंचेचाळीस? आत्ता किती आहे? पासष्ट. दहा वर्षं पासष्टवर चालली ही गाडी, एका शब्दाने तक्रार केली नाही तिने. आणि तू मला वीस कमी देतोस?"

"काका, ते वीस म्हणजे..."

"खड्डा आला की काय कामाला येतं? रबर. तुझी पाकळी येते का कामाला?"

"बाबा, अहो पंचेचाळीसच दिसतं चांगलं, बारीक पट्टी असते रबराची..."

"पट्टी दिसते. आणि माझी कंबर? ती कुणाला दिसते?"

तुम्हाला सांगते, पाऊण तास. एकाच वेळी दोघं. मी परीक्षेची पावती पर्समधून काढली आणि तिच्या पाठीवर हिशोब मांडून बघितला, काय करणार, भिंतीवरच्या टायरच्या तक्त्याशिवाय वाचायला दुसरं काही नव्हतं. रबराची ती पासष्ट उंची म्हणजे पासष्ट मिलिमीटर नव्हेच, रुंदीच्या शेकडा पासष्ट. म्हणजे रुंदी वाढवली की तोच पासष्ट आपोआप जाडजूड होतो. जुनं चाक, खालचं-वरचं रबर धरून, सहाशे एकवीस मिलिमीटर उंच. पंचेचाळीस घातलं तर सहाशे सोळा, नखाएवढा फरक. आणि सतरा इंचावर पासष्टच ठेवलं तर सहाशे अठ्ठ्याण्णव. जवळजवळ पावणेआठ सेंटीमीटर जास्त. मी दोनदा करून पाहिलं. रक्ताच्या नळ्यांवरचे आकडे वाचून वाचून मला एक सवय लागलीय, आकडा विचित्र आला की आधी स्वतःवर संशय घ्यायचा. तिसऱ्यांदा केलं. पावणेआठच.

आणि तेवढ्यात भिंतींमध्ये फट पडली. टायरवाल्याने घाम पुसला, वळला आणि मला म्हणाला, "वहिनी, गाडी उद्या तुम्ही चालवणार ना? तुमचं काय म्हणणं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडलं. पावती हातात होती. आणि बाबा इतक्या मायेने म्हणाले, "अरे तिला कशाला तसदी? तिचा जीव आधीच उद्याच्या काळजीत." आता उघडलेलं तोंड तसंच कसं मिटायचं? मी म्हटलं, "पाणी मिळेल का?"

पाणी पिऊन होईपर्यंत तडजोड झाली होती. "ठीक आहे," बाबा म्हणत होते, "रुंदी तुझी, चाक तुझं, पण पासष्ट माझं." नवऱ्याने हात पुढे केला, बाबांनी मिळवला. बापलेक खूश. दोनशे पाच, पासष्ट, सतरा. टायर नव्हे, वाटणीपत्र. टायरवाल्याने एकदा आढ्याकडे पाहिलं आणि आतून चार टायर आणले, कुठल्याशा उंच गाडीसाठी मागवलेले आणि दोन वर्षं पडून राहिलेले. "बसतंय," एवढंच म्हणाला. खरंच बसत होतं. उभ्या गाडीला सगळं बसतं.

इथेच संपलं नाही. जुन्या चाकांचं काय? नवरा म्हणाला, बदल्यात देऊन टाकू. बाबा म्हणाले, टायर अजून चांगले आहेत, फुकट सोडायचे नाहीत. मग लोखंडी चाकं दुकानात राहिली आणि त्यांच्यावरचे टायर घरी आले. एकाशिवाय दुसरं बिनकामाचं, पण समसमान. दोन टायर डिकीत आणि दोन मागच्या सीटवर, माझ्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक, पहाऱ्यावर बसल्यासारखे. आणि मी मध्ये, मांडीवर पर्स. मी काय बोलणार, मी नवीन.

दुकानातून बाहेर पडताना गाडी पहिल्यांदा वळली आणि पुढून आवाज आला, खर्रर्र. लोखंडी बादली फरशीवरून ओढल्यासारखा.

"नवीन रबर आहे," बाबा म्हणाले, "घासून घासून बसेल जागेवर."

"रस्ता खराब आहे इथला," नवरा म्हणाला.

घरी मात्र नेहमीपेक्षा लवकर पोचलो. बाबा म्हणाले, "बघ, साठच्या वर काटा गेला नाही आणि तरी किती लवकर." आता चाक मोठं झाल्यावर काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी सदुसष्टने पळत असते, हे मी दोन टायरांच्या मधून कसं सांगू? जिन्यात नवऱ्याचा शर्ट धरून हळूच म्हटलं, "अरे, वळताना घासतंय. उद्या मला पूर्ण वळवायला लागेल." तर माझ्या खांद्यावर थोपटून म्हणतो, "तू उगाच टेन्शन घेतलंयस. झोप काढ थोडी."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मैदान. टायरवाल्याचं दुकान उघडणार दहाला, म्हणजे तोही मार्ग बंद. मैदानात खांब रोवून आठ आखलेला, आठाची दोन वर्तुळं, गाडी त्यातून न थांबता, न धडकता काढायची. परीक्षक शेजारी बसले, मांडीवर वही, चेहऱ्यावर काही नाही. बाबा आणि नवरा कुंपणापाशी उभे, दोघांचे अंगठे वर.

मी पट्टा लावला, आरसा पाहिला, हळूच सोडला क्लच. सगळं शिकवल्यासारखं. पहिलं वळण आलं, मी स्टिअरिंग फिरवलं, खर्रर्र... आणखी फिरवलं तर ते फिरेचना, चाक आतल्या पत्र्याला टेकून बसलं, आणि गाडी जी सरळ निघाली ती खांब घेऊनच थांबली. परीक्षक म्हणाले, "दुसऱ्या बाजूने घ्या." दुसऱ्या बाजूचाही खांब घेतला. मग ते उतरले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले, चाकाच्या वरच्या पोकळीत बघितलं, तिथे पोकळी अशी राहिलीच नव्हती.

"बाई, चालवायला तुम्ही वाईट नाही," म्हणाले. "पण हे टायर कुणी ठरवलं?"

मी कुंपणाकडे बघितलं. दोघांचे अंगठे आता खाली आले होते.

"घरात ठरलं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, फार समजून हलवली, लग्न झालेलं असणार त्यांचं. वहीत फुली मारली. "पाच आठवड्यांनंतरची तारीख."

लॅबच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "पाच आठवडे थांबते. सहावा नाही."

आणि परतीच्या वाटेवर, तुम्हाला सांगते, काय झालं मला ठाऊक नाही. दोघं गप्प होते हे एक. चार महिन्यांत पहिल्यांदा. मी पावती काढली आणि मागच्या सीटवरून सगळं वाचून दाखवलं. सहाशे एकवीस. सहाशे सोळा. सहाशे अठ्ठ्याण्णव. पासष्ट म्हणजे शेकडा पासष्ट. "पंचेचाळीस हवं," मी म्हटलं, "मला हवं. मला नोकरीवर जायचंय." एवढं मोठं वाक्य माझं मलाच परकं वाटलं.

बाबांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. पावती हातात घेऊन चष्मा वर-खाली करून वाचली. "अगं, हे बरोबर आहे," म्हणाले. "तुला कळत होतं, तर तू तेव्हा बोलली का नाहीस?" आणि नवऱ्याकडे वळून, डोळे भरून आले होते हो त्यांचे, "आजपासून या घरात सूनबाईचंही मत घ्यायचं. सगळ्यांइतकंच."

मी जिंकले असं वाटलं मला. खरंच वाटलं.

दुपारी आम्ही परत टायरवाल्याकडे. त्याने न विचारता पंचेचाळीसचे चार टायर पुढे काढून ठेवले. बाबा म्हणाले, "सूनबाईचं मत पंचेचाळीस. हिशोब तिचा चोख आहे. माझ्या कंबरेचं मत अजून पासष्ट." आणि दोघं नवऱ्याकडे बघायला लागलो, बाबा आणि मी. कारण आता वाद आम्हा दोघांत होता. आणि याचं बालपण याच घरात गेलेलं. त्याने एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, दोघांवर सारखंच प्रेम त्याचं, आणि चेहरा असा उजळला म्हणून सांगू.

"पंचावन्न," तो म्हणाला.

बाबांनी माझा हात हातात घेऊन मिळवला. म्हणाले, "पहिलंच मत दिलंस आणि अर्धं मानलं गेलं. मला या घरात इथवर यायला तीस वर्षं लागली, तुझ्या सासूबाईंपुढे."

तर आता तीन आठवडे झाले पंचावन्नवर. आवाज पुष्कळ कमी आहे, खोटं कशाला बोलू. डावीकडे वळताना तर मुळीच घासत नाही, फक्त उजवीकडे पूर्ण वळवलं की तेवढं खर्रर्र. फॉर्मवर पुन्हा आपल्याच गाडीचा नंबर गेलाय, प्रेमाने. मी रोज सकाळी गेटसमोरच्या मोकळ्या जागेत सराव करते, बाबा खुर्ची टाकून बघत बसतात आणि दर वेळी म्हणतात, झकास. परीक्षेला दोन आठवडे उरलेत. आठातलं डावीकडचं वर्तुळ मी आता डोळे मिटून काढते.