बोटांनी वाचलेलं आख्यान

मंडळी, ऐका. आधी एक सवाल टाकतो, मग पुढं जाऊ. बापानं लेकाला काही दिलं – घर दिलं, वावर दिलं, देव्हाऱ्यातले देव दिले – तर ते लेकाला पोचलं असं कधी म्हणायचं? सातबाऱ्यावर नाव चढलं की पोचलं? किल्ली हातात आली की पोचलं? आं? बोला ना! हे पुढं बसलेले बघा, आत्तापासूनच माना डोलवतायत. अहो, थांबा! अजून मी काही सांगितलंच नाही!

आज पुराणातलं काही नाही. ना राजा, ना राक्षस. आजच्या आख्यानात आहे एक कॉम्प्युटर! हसा, हसा. कीर्तनकाराच्या तोंडी कॉम्प्युटर शोभत नाही म्हणता? मग काका, तुमच्या मांडीवर उजेड कसला पडलाय? टाळ चमकतोय होय? ठेवा तो मोबाईल खिशात!

तर सिन्नरकडचं एक गाव. नाव घेत नाही, तिथले पाव्हणे खांबाला टेकून बसलेत. त्या गावात दामोदरबुवा नावाचे हरिदास. उभा जन्म कीर्तनात गेला. पण स्वभाव कसा? सगळ्यांनी सांगितलेलं सांगायचं नाही! स्वतः आख्यानं रचायचे. विहीर खणणाऱ्याचं आख्यान, सुईणीचं आख्यान, नावाड्याचं आख्यान. म्हणायचे, "देव काय फक्त राजवाड्यातच जातो का रे? तो सुईणीच्या घरीही जाऊन आलाय, कुणी बघितलं नाही एवढंच!"

बुवांचा एकुलता एक मुलगा सदानंद. सगळे सदूच म्हणायचे. बापाच्या कीर्तनात पेटीवर बसायचा. आणि सदूची बायको मंदाकिनी. आपल्या आख्यानातली मुख्य बाई हीच, नीट लक्षात ठेवा. मंदाताईंचं बाजारपेठेत दुकान. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, उत्सवाची पत्रकं – सगळं मराठी टायपिंग. लग्नाआधी टाईपरायटरवर शिकलेली बाई. बोटं अशी चालायची, जशा कढईत लाह्या फुटतात!

मंदाताईंनी सासऱ्यांची सगळी आख्यानं कॉम्प्युटरवर उतरवली. मग हाताने लिहिलेल्या पानांचं काय करायचं? कडा झिजल्या, वाळवी लागली. देवाचं नाव असलेला कागद रद्दीत घालायचा? शिव शिव! आपली रीत काय आहे, मायबहिणींनो? बरोबर! पानांवर फुलं वाहिली, हात जोडले आणि गोदामाईत सोडून दिली. म्हणजे आता बुवांचा सगळा जन्म एका खोक्यात.

आणि एका दुपारी, पेटी उतरवता उतरवता, सदूच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत खेळ संपला.

बुवांनी कीर्तन सोडलं. डोळे काचबिंदूनं आधीच गेले होते. पण एक दिवस त्यांनी सुनेला हाक मारली. "मंदा, बस. मी सांगतो, तू लिही." आणि त्यांनी आख्यान सांगितलं – पेटीवाल्याचं. आपल्याच लेकाचं! त्यांचा आवाज फुटतोय, हिच्या डोळ्यांतून धार लागलीय, आणि लाह्या फुटतायत. संपलं. मंदाताईंनी ती फाईल बंद केली ती पुन्हा उघडली नाही. बुवांनीही कधी मागितली नाही. काही जखमांवरची पट्टी काढायची नसते हो.

वर्षं गेली. कॉम्प्युटर म्हातारा झाला. सुरू करावा तर गिरणीसारखा आवाज, मधेच बंद. मंदाताईंनी नवा घेतला. पण सुरू कधी करायचा? दसऱ्याला! मुहूर्त नको? बरं, बाई हुशार, गाफील नाही. जुन्यातलं सगळं पेन ड्राइव्हमध्ये घेतलं. एकेक नाव ताडून बघितलं. एकही फाईल राहिली नाही. तेवढ्यात नवरात्र आलं. घट बसायच्या आत घरात-दुकानात मोडकं-तोडकं ठेवायचं नाही, ही दुसरी रीत. मग जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याच्या गाडीवर! नवा खोक्यात, जुना भंगारात, आणि बाई घटापुढं अखंड दिवा लावून निर्धास्त!

चूक कळली का कुणाला? नाही? मंदाताईंनाही कळली नव्हती.

दसरा उजाडला. दुकानात नव्या कॉम्प्युटरला हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. बुवांनाही हाताला धरून आणलं होतं, ते खुर्ची ओढून बसले. आता बुवांचीही गत सांगतो. वर्षभरात स्मरण विरत चाललेलं. सकाळी सगळं आठवायचं, संध्याकाळी विचारायचे, "सदू अजून आला नाही? पेटी कोण घेणार?" पण त्या दिवशी बुवा लख्ख होते. म्हणाले, "मंदा, आज मला सोनं नको, आपट्याचं पान नको. सदूचं आख्यान वाचून दाखव. आता मला त्याचा चेहरा नीट आठवत नाही गं. सगळाच विसरायच्या आत एकदा ऐकू दे."

मंदाताईंनी मन घट्ट केलं. फाईल उघडली. आणि बघतात तर काय! मराठीचा पत्ता नाही! सगळी इंग्रजी अक्षरं, तीही वेडीवाकडी – डी, के, मधेच कंस, मधेच टिंब, मधेच रिकामे चौकोन. दुसरी फाईल उघडली – तेच. सुईण गेली, नावाडी गेला, विहीर बुजली!

"वाच ना गं," बुवा म्हणाले.

मंदाताई म्हणाल्या, "आबा... वीज गेलीय."

डोक्यावर पंखा गरगर फिरतोय, मंडळी! डोळे नसले तरी बुवांना वारा लागत नव्हता का? पण म्हातारा नुसता "बरं" म्हणाला. त्या "बरं"नं बाईला जे झालं, ते शंभर शिव्यांनी झालं नसतं.

झालं होतं काय? तेव्हाचं मराठी हे जुन्या फॉन्टातलं. गोदाक्षर नावाचा फॉन्ट. फाईलमध्ये असतात नुसत्या दाबलेल्या कळा. त्यांना क, ख, ग असं रूप द्यायचं काम त्या फॉन्टाचं. फाईली आल्या, फॉन्ट जुन्यातच राहिला! नावं ताडली, पण उघडून बघितलं नाही. कसं बघणार? नवा खोक्यात, मुहूर्त दसऱ्याचा!

मंदाताई तशाच भंगारवाल्याकडं धावल्या. तो म्हणाला, "ताई, त्याचं तांबं वेगळं झालं, पत्रा वेगळा झाला. आता काय देऊ तुम्हाला?" मग गेल्या अन्वरभाईंकडे. कॉम्प्युटर दुरुस्त करणारे, भला माणूस. त्यांनी दुकानं पालथी घातली, इंटरनेट पालथं घातलं. गोदाक्षर करणारे गृहस्थ वारले, त्यांचा धंदा बंद झाला. दुसऱ्या फॉन्टाची पद्धत लावून बघितली, तर गाढवाचा घोडा व्हायच्या ऐवजी उंट झाला!

अन्वरभाई म्हणाले, "ताई, अर्धी जोडाक्षरं मेलीत. हे कुठल्या मशीनला कळणार नाही. जीव नका आटवू, सोडून द्या."

"सोडू? अन्वरभाई, माझा सासरा रोज थोडा थोडा लेक विसरतोय. मी सोडू?"

"मग करणार काय?"

"ते मला माहीत नाही. पण सोडणार नाही."

वा! याला म्हणतात निश्चय. रस्ता दिसत असताना कुणीही चालतो हो. रस्ता नाही, आणि तरी बाईनं पदर खोचला!

दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकानाचं शटर वर केलं आणि ती फाईल समोर घेऊन बसल्या. बघतायत, बघतायत. गिऱ्हाईक आलं, "पत्रिका झाली का?" – "उद्या या!" पुन्हा बघतायत. हात आपले सवयीनं कळांवर. पडद्यावर पुढचं अक्षर – इंग्रजी डी. आणि डाव्या हाताचं मधलं बोट जरासं हललं. तोंडातून शब्द आला – "क!" बाई दचकली. पुढं के. उजव्या हाताचं मधलं बोट हललं – काना! क आणि काना... का!

अहो, फॉन्ट मेला असेल, बोटं कुठं मेली होती? डोळ्यांना काही कळत नव्हतं, डोक्याला काही आठवत नव्हतं, पण ही कळ दाबली की हे अक्षर, हे बोटांनी जपून ठेवलं होतं! मंदाताई हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. शेजारचा शिंपी धावत आला, त्याला वाटलं बाईला काही झालं!

अन्वरभाईंनी नव्या पद्धतीचं मराठी घालून दिलं, जुन्याच कळांवर चालणारं. आणि बाई बसली. पडद्यावर जे दिसेल ते बोटांनी दाबायचं, मराठी उमटेल ते वाचायचं. सोपं वाटतं? जोडाक्षर आलं की चौकोन! मग काय करायचं? डोळे मिटायचे, सासऱ्यांचा आवाज आठवायचा. ह्या वाक्यात आबा काय म्हणाले असतील? 'धर्म' की 'कर्म'? एका चौकोनापायी चहा गार झाला, दुसऱ्यापायी जेवण राहिलं. मान धरली, बोटांच्या पेरांना सूज आली. शेजारीण म्हणाली, "मंदे, तुझं आता कसं होईल गं?" मंदाताई म्हणाल्या, "माझं काही का होईना, आधी हे होऊ दे."

आणि घरी? घरी बुवा उतरत चाललेले. एका सकाळी त्यांनी सुनेलाच विचारलं, "बाई, आपण कोण?" बाईनं चहाचा कप त्यांच्या हातात दिला, चप्पल पायात सरकवली आणि दुकान गाठलं. रडायला सवड नव्हती.

आख्यान शेवटाला आलं आणि एका जागी गाडी अडली. पडद्यावर के, के, के, के – ओळीच्या ओळी नुसते के! बोटानं दाबलं तर नुसते काने, अक्षर एकही नाही. हे कुठलं जोडाक्षर? काही उमगेना. आणि एकदम आठवलं. त्या दिवशी आबा सांगत होते, आणि ह्या जागी तिला आवरलं नव्हतं. डोकं टेबलावर टेकलं होतं, आणि बोट त्या कळेवरच राहून गेलं होतं! आबा बोलत राहिले होते. ते जे बोलले, ते लिहिलंच गेलं नव्हतं. म्हणजे तिथं काही परत मिळण्यासारखं नव्हतंच. ते हरवलं होतं त्याच दिवशी, कॉम्प्युटर जायच्या कितीतरी आधी.

तरी बाई उठली. जे हातात होतं ते कागदावर काढलं आणि घरी आली. बुवा ओसरीवर बसलेले.

"आबा, आख्यान आणलंय."

"कुणाचं?"

"पेटीवाल्याचं."

"वाचा," बुवा म्हणाले. परक्या बाईला म्हणावं तसं – "वाचा!"

मंदाताईंनी वाचायला घेतलं. पोरगं लहानपणी ताटल्या बडवायचं ते आलं, पहिली पेटी आली. बुवा मान हलवत ऐकतायत. मधेच कौतुकानं म्हणाले, "गुणी पोरगा दिसतोय. कुणाचा हो हा?"

काय उत्तर द्यायचं याला? तुम्ही काय दिलं असतंत? बाईनं पुढची ओळ वाचली. वाचत वाचत ती जागा आली. बाई थांबली.

"का थांबलात?"

"आबा, इथं मला रडू आलं होतं. तुम्ही सांगत होतात, माझं बोट कळेवरच राहिलं. तुमचं बोलणं माझ्याकडून लिहायचं राहिलं. माझं चुकलं, आबा."

बुवांची आंधळी नजर समोर लागलेली. मंदाताईंना वाटलं, ऐकलंच नाही त्यांनी. कागदाची घडी घालायला लागल्या. आणि बुवा बोलले! हळू, पण कीर्तनाला उभे राहिल्यासारखे:

"लोक म्हणायचे, बाप पुढं आणि पोरगा मागं. लोकांना काय दिसतंय? पोरगा सूर द्यायचा, तेव्हा त्या बापाला पुढची वाट दिसायची. आता सूर गेला, बाप वाटेत उभा आहे."

मग हात पुढं करून त्यांनी चाचपडत सुनेचा हात धरला. म्हणाले, "मंदा, माझा सदू होता तो. लिही."

आणि मंदाताईंनी लिहिलं! जे कुठल्याच कॉम्प्युटरमध्ये नव्हतं, नव्यात नव्हतं, जुन्यातही नव्हतं, ते त्या संध्याकाळी पहिल्यांदा लिहिलं गेलं. पुढं बुवांना काय आठवलं, काय नाही, ते मी सांगत बसत नाही. त्या एका घटकेपुरता बापाला लेक पोचला!

आता माझ्याकडं काय बघताय? सवाल तुम्हाला होता! पेन ड्राइव्हमध्ये सगळं आलं होतं ना? एकही फाईल राहिली नव्हती ना? मग पोचलं का? नाही पोचलं! बाईच्या बोटांतून पुन्हा गेलं, तोंडातून पुन्हा आलं, तेव्हा पोचलं. तुमच्या घरात पोथी आहे – रेशमी फडक्यात बांधून! आईचा आवाज आहे – मोबाईलमध्ये भरून! बापानं सांगितलेल्या चार गोष्टी आहेत – "आहेत कुठंतरी, बघू कधी!" अहो, कधी बघणार? फडकं सोडा. वाचताना अडखळाल, अडखळा! गाताना चुकाल, चुका! ज्याचं आहे तो माणूस अजून ओसरीवर बसलेला असेल, तर आज कीर्तनातून सरळ घरी जा आणि त्याच्या पायाशी बसा. म्हणा, "सांग, मी लिहितो." आणि जो गेला असेल त्याचं एक वाक्य, फक्त एक, आठवून आपल्या लेकराला सांगा. उद्यावर टाकू नका, मुहूर्त बघू नका. आपल्या माणसाला आठवायला कुठला दिवस वाईट असतो?

चला, टाळ उचला. ज्याला जे नाव आठवत असेल ते मनात घ्या, आणि तोंडानं म्हणा – विठ्ठल! विठ्ठल!