नऊ एकरांतले दोन

(सुप्याजवळचा माळ. मे १९९८. अर्धवट नांगरटीत उभा ट्रॅक्टर. ड्रायव्हर चहाला गेलेला.)

रामहरी : तसं न्हवं बाई, मी फुकट करून दिलंय म्हणतो! डिझेल बी माझंच. तुमी रडताय कशापायी?

ज्योत्स्ना : तात्या, तुम्हाला नांगरायला कुणी सांगितलं होतं?

रामहरी : सांगाया कशाला पायजे? आमच्या घरात रीतच हाय. रान इकलं का घेणाऱ्याला पयली नांगरट आपण करून द्यायची. म्हंजी मनात काय ठिवलं न्हाय, असं. दोन एकर झालं, सात ऱ्हायलं. समाधान च्या पिऊन आला का सांजपतुर उरकतंय बघा.

ज्योत्स्ना : नको! एक फूटसुद्धा पुढं नको. त्याला परत पाठवा.

रामहरी : का? फाळ खोल न्हाय गेला व्हय?

ज्योत्स्ना : मी हा माळ असाच ठेवायला घेतलाय.

रामहरी : असाच म्हंजी?

ज्योत्स्ना : असाच. गवतासकट.

रामहरी : मग जनावरं कुठायत तुमची?

ज्योत्स्ना : माझी नाहीत. हरणं येतात ना इथं, अभयारण्यातून.

रामहरी : आमी त्यास्नी हाकलतो! आन सरकारनं जागा दिलीया की त्यास्नी.

ज्योत्स्ना : त्यांना कुठं हद्द कळते, तात्या? आणि चंडोल जमिनीवरच अंडी घालतो. त्या कडेला घरटं होतं, परवा मी बघितलेलं. आता नुसती ढेकळं आहेत.

रामहरी : थांबा. खरं सांगा, मी कुणापाशी बोलत न्हाय. हितं कंपनी येणार हाय?

ज्योत्स्ना : नाही.

रामहरी : मग प्लॉट पाडणार? तुमच्या जळोचीला पाडत्यात तसं?

ज्योत्स्ना : नाही हो.

रामहरी : पानाड्यानं पाणी दावलंय!

ज्योत्स्ना : पाणी असलं तरी मी काढणार नाही.

रामहरी : मग आपलं डोस्कंच चालंना. तलाठी पिकाच्या रकान्यात काय लिवंल?

ज्योत्स्ना : गवत.

रामहरी : आन तुमचं वडील, अप्पा? सकाळी ढेकूळ उचलून कपाळाला लावलं त्यांनी. म्हणालं, रामहरीराव, औंदा ज्वारी पेरतो.

ज्योत्स्ना : अप्पा आले होते?

रामहरी : पयल्या यष्टीनं. समाधानला पेढा दिऊन गेलं.

ज्योत्स्ना : ...तिथंच तर अडतंय माझं. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांची रानं कसली. आमच्या घरातला हा पहिला सातबारा. यात काही पेरायचं नाही, हे सांगायला गेले की हसतात. मगाशी मला तुमचा राग आला होता. आता ढेकूळ कपाळाला लावलं म्हणालात, तर... माझं चुकतंय का हो?

रामहरी : मला इचारताय? मी काय इकलं त्येच मला कळंना झालंय.

ज्योत्स्ना : तो बघा, ड्रायव्हर आला.

रामहरी : समाधान! ए समाधान! चालू करू नगंस. घरी घे ट्रॅक्टर... आरं बिघाड न्हाय काय, बाई नको म्हणत्यात... का म्हंजी? मला बी ठावं न्हाय का! जा तू.

ज्योत्स्ना : तुम्ही चांगल्या मनानं केलंत तात्या. मला कळतंय.

रामहरी : आसं करा, ही दोन एकर अप्पास्नी द्या. पेरूंद्यात ज्वारी. सात तुमच्या पाखरास्नी.

ज्योत्स्ना : देईन बहुतेक. आणि पुढच्या साली त्यांनी तिसरा मागितला तर? नाही म्हणता यायचं नाही मला.

रामहरी : त्ये बी खरंच.

ज्योत्स्ना : या माळाला आधी कधी नांगर लागला होता?

रामहरी : न्हाय. आमच्या आबानं, माझ्या बापानं, लावलाच न्हाय कधी. बाकीची समदी रानं नांगरायचा, आन सांजचं हितं येऊन नुसता बसायचा. गाव आळशी म्हणायचं. मी बी म्हणायचो, पार त्याच्या तोंडावर.

ज्योत्स्ना : पण का नाही नांगरला त्यांनी?

रामहरी : इचारलंच न्हाय, बाई.