कोरा अग्रलेख आणि सुकेळी

गोऱ्या साहेबाला आपल्या सरकारचा हेवा वाटलेला मी पाहिलाय. हसू नका!

आणीबाणीत मी आखातात होतो, एका विलायती तेल कंपनीच्या स्टोअरमध्ये. तिथल्या राजाविरुद्ध छापलेली एक ओळही चालायची नाही. म्हणून बाहेरून आलेला प्रत्येक कागद आमचा साहेब स्वतः तपासायचा आणि नको ते ब्रशने काळं करायचा.

मी विचारलं, "साहेब, हे काम राजाच्या माणसांचं ना?"

"पण तेलाचं कंत्राट आमचं आहे ना!"

एकदा आईने आमच्या गावाहून, सांडोरहून, सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली गोड केळी पाठवली. परदेशी जाणार म्हणून नेहमीचं वाळकं केळीचं पान सोडून तिने ती चांगल्या मराठी वर्तमानपत्रात गुंडाळली. साहेब ब्रश बुडवून बसला आणि थबकला. अग्रलेखाची जागा अख्खी कोरी!

"इथलं कुठे गेलं?"

"सरकारने छापूच दिलं नाही."

"म्हणजे शाई लागलीच नाही?"

"नाही."

त्याने कागद उजेडात धरला, उलटा करून बघितला. एक सुकेळं तोंडात टाकून बराच वेळ चघळत राहिला. मग हळूच म्हणाला, "तुमच्या गावाकडे तेल निघतं का रे?"