केसरबाईच्या सुया आणि वकिलांची मोटार

केसरबाई: म्हंजे त्या वकिलांच्या पत्राला तुमी अजून उत्तरच धाडलं न्हाई?

राधाकिशन: लिहायला बसलो की टाक अडतो. मॅग्नेटो आहे, असं लिहू? आहे खरा. पण चालतो का, हे कुणाला ठाऊक?

सटवा: मुनशीकाका, मेंढरं घेऊन केजच्या बाजाराला निघालोय. काई आणायचंय का इचारायला आलो, तर हितं भांडण!

राधाकिशन: भांडण नाही रे सटवा. औरंगाबादच्या वकिलांचं पत्र आहे. आपल्या जहागीरदारांची मोटार होती ना, तशीच त्यांच्या वडिलांची. तिचं ठिणगी पाडणारं यंत्र गेलंय. त्यालाच म्हणतात मॅग्नेटो. विलायतेतला तो कारखानाही बंद पडला. आता हा भाग कुठं मिळत नाही, म्हणून मला विचारलंय.

केसरबाई: आपल्या घरात हाय की! जहागीरदाराची मोटार मांजरसुंब्याच्या घाटात कोसळली, तवा तिच्यातलं हे यंत्र त्यांनीच यास्नी बक्षीस दिलं. डायवरला मोटारीचं इंग्रजी पुस्तक वाचून दाखवायचे ना हे.

सटवा: मग इका की! का म्हून बसलाव?

राधाकिशन: नाही चालला तर? लोक म्हणतील, मुनशीनं लोखंडाचा गोळा गळ्यात मारला.

केसरबाई: अन् न्हाई धाडला तर? अवसेला कासार येऊन ती मोटार फोडणार, पितळ न्यायला. त्यांनीच लिवलंय ना?

राधाकिशन: लिहिलंय. म्हणून तर झोप नाही.

सटवा: यंत्र हाय कुठं?

केसरबाई: ते काय, कोनाड्यात. गोधडीच्या सुया चिकटवते मी त्याला. इतक्या वर्सांत एक सुई खाली पडली न्हाई. लोहचुंबक मेलं असतं तर पडल्या नसत्या व्हय?

राधाकिशन: हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही?

केसरबाई: तुमी कधी गोधडी शिवलीव?

राधाकिशन: पण चुंबक जिवंत म्हणजे ठिणगी पडेलच असं नाही. कुणीतरी एका हातात ही तार धरायची, दुसरा हात यंत्रावर. मी दांडा फिरवतो. झटका बसला तर...

सटवा: आणा हिकडं. इंचू चावला तरी मी हूं करीत न्हाई.

राधाकिशन: फिरवतो हं. काही लागलं?

सटवा: गार लोखंड. बास.

राधाकिशन: मेलाय. मी म्हणतच होतो. बरं झालं उत्तर दिलं नाही.

केसरबाई: थांबा जरा. हितं आत टोकं बगा, किती मेणचटलीत. ते मोटारीचं पुस्तक हाय ना तुमच्या पेटीत, त्यात काई सांगितलं असंल की!

राधाकिशन: ‘टोके स्वच्छ पुसावीत.’ अगं, पहिल्याच पानावर होतं! घासलेटचा बोळा दे. हं... धर रे सटवा.

सटवा: धरलं. फिरवा जोरात. मला काई हो— आयो! आयो आयो! मेलो काकू!

केसरबाई: अवो, बगा तरी! पागोटं उंबऱ्यात, सटवा अंगणात!

राधाकिशन: बसला? खरंच बसला?

सटवा: आन् इचारताव काय! खांद्यापतोर गेला!

राधाकिशन: पुन्हा एकदा धर.

सटवा: तुमच्या वकिलाला सांगा धरायला!

केसरबाई: सरक, मी धरते. फिरवा... अगं बया! जिवंत हाय, अवो, जिवंत हाय!

राधाकिशन: माझी दौत कुठंय? सटवा, थांब. मी येतो केजला.

सटवा: कागद द्या की, मी टाकतो.

राधाकिशन: नको. हे माझ्या हातानं टाकायचंय.

(संध्याकाळी, केजहून परतल्यावर.)

केसरबाई: टाकलं?

राधाकिशन: टाकलं. पेटीत पडल्याचा आवाज ऐकला, मगच हललो.

सटवा: अन् बाजारभर सांगत हुते, काकू! ‘माझा माल ठिणगी पाडतो!’ ज्या मानसानं कधी वांग्याचा भाव इचारला न्हाई, त्यो! माझी मेंढरं बी ऐकत उभी ऱ्हायली.

केसरबाई: लई झ्याक झालं. पर आता माझ्या सुया कुठं ठिवू?

राधाकिशन: तेही लिहिलंय. किंमत ते ठरवतील ती. वर एक लोहचुंबक पाहिजे, असंच दणकट. घरी सुया आहेत.