काचेवरची ती पट्टी

हात लावू नका त्या काचेला! — ती पांढरी चिकटपट्टी मी हौसेनं नाही लावली, जावईबापू, वायपरची पाती कुठं थांबत होती त्याची खूण आहे ती, उपटलीत तर सगळं अंदाजानं बसवावं लागेल. आणि मेकॅनिक बोलावतो म्हणे! कशाला? तीन बोल्ट, एक वायर, जुनी असेंब्ली बाहेर, नवी आत — सव्वीस वर्षं शाळेची गाडी चालवली मी, रस्त्यात बंद पडली तर काय तुम्हाला फोन करत होते? बसा त्या पायरीवर. पाणी हवं तर नळ तिकडं आहे. चहा मिळणार नाही.

तिला न्यायला आलात, कळलं. नवरा आहात, न्या. पण बावीस दिवस, अहो? न विचारता नोकरी धरली म्हणून एका घरात राहून, एका टेबलावर जेवून, बावीस दिवस बायकोशी अबोला? तिनं मीठ मागायचं आणि तुम्ही मुकाट्यानं बरणी सरकवायची — लाज कशी नाही वाटली? मान खाली घालू नका, मला त्याचा काही उपयोग नाही. हिच्या बापानं जन्मभर हेच केलं माझ्याशी. मी राहिले. मूर्ख होते. म्हणून म्हटलं, ही तरी नको —

काय बघताय त्या जुन्या दांडीकडं? ठेवा खाली. झिजलीय ती. — बरं, नाही झिजली! स्क्रू-ड्रायव्हरचा ओरखडा आहे, दिसतोय ना, मग विचारता कशाला? मीच. रविवारी पहाटे. बाहेर धो धो पाऊस, आणि या बाईसाहेब तुमच्याकडं परतायला बॅग भरून तयार. म्हटलं, वायपरच चालला नाही तर जाईल कशी? नुसती दांडी निसटवायची होती हो, दोन दिवसांनी परत अडकवली असती, तोवर डोकं ताळ्यावर आलं असतं तिचं. पण जोर जास्त झाला, दांडी जिच्यात अडकते ती टोकाची वाटीच फुटली. करायला गेले एक आणि झालं भलतंच. आणि तिनं पाहिलं. तिला काय कळत नाही? पाना धरायला मीच शिकवलं.

तेव्हापासून चार दिवस एक शब्द नाही माझ्याशी. ताट वाढलं की जेवते, हाक मारली की नुसती बघते. हसताय? — नाही ना? मग ठीक.

फिरवा चावी, वायपर चालू करा. मोटर एकदा फिरून आपल्या जागी थांबू दे, मगच पाती चढवायची. हं. आता बंद. — एक सांगा, शनिवारी रात्री फोनवर काय म्हणालात तिला? सांगा हो, खात नाही मी तुम्हाला. ... ‘चुकलो’? आणि पुढं? पुढं काहीच नाही? एवढ्या एका शब्दावर बॅग भरली पोरीनं?

... आली. व्हा बाजूला. — अगं, झालं बघ गाडीचं. कोरड्या काचेवर नको लावूस हं वायपर, रबर जातं. आणि — ऐक ना — मी काय म्हणत होते — मागच्या टायरात हवा कमी वाटते, भरून घे वाटेत. — अगं —

काय उभे राहिलात माझ्याकडं बघत? बसा गाडीत. निघा. मला फाटक लावायचंय.