ऑपरेशन नाकाचं, पट्टी डोळ्याला

...नाही, पण मी म्हणते, दुखणं नाकाचं, ऑपरेशन नाकाचं, आणि माणूस घरी येतो तो डोळा काळानिळा करून? तुम्हाला सांगते, आमच्या ह्यांचं केस कापायचं दुकान. नाक कायमचं चोंदलेलं. आत मांसाचे कोंब वाढलेत म्हणे! आणि डॉक्टर कसे म्हणाले? ‘काही नाही हो वहिनी, नाकातून दुर्बीण घालायची, कोंब काढायचे, उद्या घरी!’ जसं काही तण उपटायचंय! घरी आले ते डोळ्याचं वांगं करून. शेजारीण मलाच विचारते, ‘अगंबाई, लाटणं फेकलंस की काय?’ अहो, नाकाचं ऑपरेशन होतं हो, नाकाचं!

सूज उतरली, डोळा उघडला, तर हे टकामका बघत म्हणतात, ‘तुझी बहीण कधी आली गं?’ मला बहीणच नाही! एकाचं दोन दिसायला लागलं होतं... दोन दारं, दोन कप, दोन सासूबाई! इथे एक झेपत नाही!

तडक दवाखाना गाठला. डॉक्टर घसा खाकरून, ‘त्याचं काय आहे, नाक आणि डोळा यांच्यामध्ये कागदासारखं पातळ हाड असतं. ते तडकलं, डोळा फिरवणारा स्नायू दुखावला. तुटला नाहीये, वाट बघू. हजारात एखाद्याला होतं.’ हजारात एखाद्याला! ह्यांना जन्मात कधी लॉटरी लागली नाही हो! म्हटलं, ‘मग आधी सांगायला काय झालं होतं?’ ‘सांगितलं होतं की!’ असेल सांगितलं! पण आमचे कान नाकाकडे होते... नाकाचं ऑपरेशन होतं ना!

डोळ्याला पट्टी बांधली. घरी बसतील तर शपथ! दुकान उघडलं. नेहमीचं गिऱ्हाईक, शाळेतले मास्तर, दाढीला खुर्चीत बसले, मान वर केली, ह्यांनी वस्तरा उचलला... आणि हात तसाच हवेत. वस्तरा खाली ठेवला. घरी येऊन एवढंच म्हणाले, ‘पट्टी लावली तर अंतर कळत नाही, काढली तर दोन गळे दिसतात. खरा कुठला गं?’ भांडू तरी कुणाशी? नाकाशी?

महिने गेले हो, महिने! मग डोळा हळूहळू वळायला लागला, दोनाचं एक झालं. पहिली दाढी मास्तरांचीच केली. दोघांनीही श्वास रोखून! त्या दिवशी हे खुशीत जेवायला बसले. इतकी वर्षं पानात पडेल ते निमूट गिळणारा माणूस... पहिला घास घेतला, थांबला, हुंगला.

‘डाळ करपलीय का गं?’

रोजच करपते हो! आता वास यायला लागला... झालं ना नाकाचं ऑपरेशन यशस्वी!